घराचा श्वास

मुरबाडहून माळशेज घाटाकडे जाणारा मोठा रस्ता सोडून आत वळले की, सह्याद्रीच्या पायथ्याशी विसावलेली लहान लहान गावे लागतात. अशाच एका गावी मी एकदा वैशाखात वास्तुशांतीस गेलो होतो. घर माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे. ज्या जागी पूर्वी त्याच्या आजोबांचे कुडाचे घर होते, त्याच जागी त्याने दोन वर्षे राबून सिमेंटचे पक्के घर बांधले होते. गुळगुळीत फरशी, काचेच्या सरकत्या खिडक्या, स्वयंपाकाच्या ओट्यावर काळ्या ग्रॅनाइटची चकचकीत लादी. सारे कसे नीटनेटके होते.

जेवणे आटोपली. दुपारची विश्रांती घेण्यासाठी मंडळी आतल्या खोलीत गेली. परंतु घरातील वृद्ध आजी मात्र आपली चटई घेऊन पडवीत येऊन बसल्या. मी विचारले, "मावशी, एवढे चांगले घर सोडून बाहेर का बसलात?"

"घर चांगलंच आहे, गुरुजी," त्या म्हणाल्या. "लेकानं कष्टानं बांधलंय. पण आत कोंडल्यासारखं होतं. आमचं जुनं घर श्वास घ्यायचं. हे घेत नाही."

सातवीत शिकणारा त्यांचा नातू जवळच उभा होता. तो एकदम म्हणाला, "गुरुजी, जमिनीतून एक वायू घरात शिरतो आणि त्याने कर्करोग होतो, असे मी ऐकले आहे. ओट्यावरच्या ग्रॅनाइटमधूनही तो निघतो म्हणे. हे खरे आहे का? मग आम्ही या घरात राहायचे कसे?"

मुलाचा प्रश्न ऐकून त्याच्या वडिलांचा चेहरा उतरला. ज्या घरात त्यांनी आपली सारी कमाई घातली होती, त्याच घराविषयी ही शंका! प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. म्हणून त्या दुपारी पडवीत बसून मी त्यांना जे सांगितले, तेच आज तुम्हांस सांगतो.

मुलाने ज्या वायूविषयी ऐकले होते, त्याचे नाव रेडॉन. त्यास रंग नाही, वास नाही, चव नाही. तो हवेपेक्षा सुमारे साडेसात पट जड आहे. तो कोणी कारखान्यात तयार करून घरात सोडीत नाही. तो पृथ्वीच्या पोटातूनच येतो. जगातील बहुतेक सर्व खडकांत आणि मातीत युरेनियम नावाचे मूलद्रव्य अत्यल्प प्रमाणात असते. युरेनियमचे अणू कोट्यवधी वर्षांच्या काळात आपोआप फुटत जातात. त्यांतून पायरीपायरीने रेडियम तयार होते आणि रेडियमचा अणू फुटला की त्यातून रेडॉनचा अणू निर्माण होतो. रेडियम वायू सोडते, हे १९०० साली फ्रीड्रिख डोर्न या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवून दिले.

युरेनियम आणि रेडियम हे घन पदार्थ. ते खडकातच अडकून पडतात. रेडॉन मात्र वायू असल्यामुळे मातीच्या कणांमधील पोकळ्यांतून वाट काढीत वर येतो. मोकळ्या रानात तो वाऱ्यात मिसळतो आणि इतका विरळ होतो की, त्याची भीती बाळगण्याचे कारण उरत नाही. परंतु तो घराखालून वर आला, तर जमिनीतील भेगा, भिंत आणि फरशी यांमधील सांधे, नळांसाठी पाडलेली भोके यांतून आत शिरतो. घर बंद असेल, तर तो तेथेच साचतो. वाहत्या पाटात मूठभर मीठ टाकले, तर पाणी खारट लागत नाही. तेच मीठ लहानशा डबक्यात टाकले तर लागते. रेडॉनचेही असेच आहे.

हा वायू घरात आपण होऊन येतोच. शिवाय घरही त्यास ओढून घेते. घरातील हवा तापली की वर चढते आणि छताजवळच्या फटींतून बाहेर पडते. तिची जागा भरून काढण्यासाठी खालून हवा आत खेचली जाते. दारे-खिडक्या बंद असतील, तर ही हवा थोडीफार जमिनीतूनही येते. म्हणूनच थंड देशांतील घरांत, जेथे हिवाळाभर खिडक्या बंद ठेवून आत शेगडी पेटवितात आणि घराखाली तळघरे असतात, तेथे रेडॉनचे प्रमाण अधिक आढळते.

आता याने अपाय कसा होतो ते पाहू. रेडॉनचे अणूही स्थिर नसतात. आज शंभर अणू असतील, तर सुमारे पावणेचार दिवसांनी त्यांतील पन्नास उरतात, आणखी तेवढ्याच काळाने पंचवीस. फुटताना अणूतून अल्फा नावाचा अतिसूक्ष्म कण वेगाने बाहेर पडतो आणि मागे पोलोनियमसारख्या धातूंचे नवे अणू उरतात. हे नवे अणू हवेतील धुळीला चिकटतात. श्वासाबरोबर ही धूळ फुप्फुसांत गेली की, तेथेच बसून ते अणूही फुटू लागतात. अल्फा कण इतका दुबळा असतो की, साधा कागदही त्यास अडवू शकतो. आपली त्वचा तर सहज अडविते. परंतु फुप्फुसाच्या आत अशी कोणतीही ढाल नसते. तेथील नाजूक पेशींवर त्याचे घाव बसतात आणि पुष्कळ वर्षांनी क्वचित त्यांतून कर्करोग उद्भवतो.

हे ज्ञान माणसास फार मोठी किंमत देऊन मिळाले. जर्मनीतील श्नेबेर्ग येथील खाणींत काम करणारे मजूर छातीच्या रोगाने अकाली मरतात, हे शेकडो वर्षांपासून लोकांच्या ध्यानात आले होते. १८७९ साली दोन डॉक्टरांनी हा रोग फुप्फुसातील गाठीचा आहे, असे दाखविले. त्याचे मूळ खाणीत साचणाऱ्या रेडॉनमध्ये आहे, हे समजण्यास पुढे आणखी कित्येक वर्षे लागली.

खाणीतील हा वायू राहत्या घरातही धोकादायक होऊ शकतो, हे जगाच्या ध्यानात आणून देणारी घटना अमेरिकेत घडली. पेनसिल्व्हेनिया राज्यात लिमरिक येथे एक अणुवीजकेंद्र उभारले जात होते. तेथे स्टॅन्ली वॉट्रस नावाचे अभियंते कामास होते. कामगारांच्या अंगावर किरणोत्सारी धूळ तर नाही ना, हे तपासणारी यंत्रे तेथे बसविलेली होती. १९८४ च्या डिसेंबरात वॉट्रस यांच्यापाशी ही यंत्रे वारंवार धोक्याची घंटा वाजवू लागली. नवल असे की, केंद्र अजून चालू झालेले नव्हते! मग ही धूळ आली कोठून? वॉट्रस केंद्रात पाऊल टाकतात न टाकतात, तोच घंटा वाजली, तेव्हा उलगडा झाला. ती धूळ ते घरून आणीत होते. त्यांच्या घरात रेडॉनचे प्रमाण एवढे प्रचंड निघाले की, कुटुंबास घर सोडावे लागले. पुढे घराची दुरुस्ती झाली, प्रमाण खाली आले आणि ते सर्वजण स्वतःच्याच घरी परत राहावयास आले.

या गोष्टीतील दोन बाबी ध्यानात ठेवा. त्या घरातील कोणासही वासाने, डोळ्यांनी किंवा अंगाला जाणवून हा वायू कळला नव्हता. तो कळला यंत्रामुळे. आणि एवढे बिघडलेले घरही दुरुस्त होऊ शकले.

मी हे सांगत असताना आजी मध्येच म्हणाल्या, "म्हणजे मला आत कोंडतं, ते यामुळेच की काय?"

"नाही, मावशी," मी म्हणालो. "रेडॉनने गुदमरत नाही, डोके दुखत नाही, खोकलाही येत नाही. तुम्हांला कोंडते ते उष्म्याने आणि हवा न खेळल्याने. पण जी हवा तुम्हांला हवी आहे, तीच हवा रेडॉनवरही औषध आहे."

मग आपल्या शहापूर-मुरबाडच्या घरांना या वायूचे भय किती? त्यासाठी पायांखालचा खडक ओळखला पाहिजे. माहुलीचा किल्ला पाहा, नाणेघाटाचा कडा पाहा, नाहीतर आपल्या शेतातील विहिरीच्या भिंती पाहा. सर्वत्र काळा पाषाणच दिसतो. हा बेसाल्ट खडक. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूमीला भेगा पडून जो लाव्हारस थरावर थर वाहत गेला, तो थिजून हा खडक बनला. ग्रॅनाइटच्या तुलनेने बेसाल्टमध्ये युरेनियम पुष्कळच कमी असते. म्हणून आपला प्रदेश या बाबतीत सुदैवी म्हटला पाहिजे. ओट्यावरील ग्रॅनाइटच्या एका लादीचेही भय बाळगू नये. तिच्यातून निघणारा वायू सामान्यतः फारच थोडा असतो. घराखालच्या मोठ्या भूभागातून येणाऱ्या वायूपुढे त्याचा पाड लागत नाही.

परंतु केवळ खडक पाहून घराचा निकाल देता येत नाही. एकाच आळीतील शेजारच्या दोन घरांतही रेडॉनचे प्रमाण निरनिराळे असू शकते. कारण एकाच्या जमिनीस भेगा असतात, दुसऱ्याच्या नसतात. एकात वारा खेळतो, दुसऱ्यात तो कोंडतो. खरे उत्तर एकच, आणि ते म्हणजे मोजून पाहणे.

जी वस्तू दिसत नाही ती मोजावयाची कशी? ही युक्ती मोठी सुरेख आहे. एक विशिष्ट प्रकारची पातळ फिल्म लहानशा डबीत बसवून डबी घरात टांगून ठेवितात. डबीत शिरलेल्या रेडॉनचे अणू फुटले की, अल्फा कण फिल्मवर आदळतात आणि प्रत्येक कण तिच्यावर एक अतिसूक्ष्म ओरखडा उमटवितो. तीन महिन्यांनी फिल्म प्रयोगशाळेत नेऊन कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणात ठेवितात. ओरखडे रुंदावून त्यांची बारीक छिद्रे होतात. ती मोजली की, त्या घरात किती रेडॉन होता याचा हिशेब निघतो. वारुळापाशी पडलेल्या पावलांवरून किती मुंग्या गेल्या हे सांगावे, तसाच हा प्रकार!

या कामी आपल्या महाराष्ट्रातील शास्त्रज्ञांनी मोलाची भर घातली आहे. मुंबईजवळ तुर्भे येथे भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. तेथील शास्त्रज्ञांनी एकापुढे एक दोन कप्पे असलेली एक डबी तयार केली. दोन कप्प्यांमधील पडद्यास टाचणीने पाडावीत तशी बारीक भोके असतात. रेडॉनचा थोरॉन नावाचा एक भाऊबंद आहे. त्याचे अणू मिनिटभरात निम्मे होतात. टाचणीएवढ्या भोकांतून दुसऱ्या कप्प्यात झिरपेपर्यंत थोरॉन बहुतेक संपून जातो. दीर्घायुषी रेडॉन मात्र आत पोहोचतो. अशा रीतीने एकाच डबीत दोघांचे माप वेगवेगळे मिळते. अशा डब्या भारतातील पुष्कळ राज्यांतील घरांतून टांगून मोजणी केली गेली आहे. याखेरीज आकडा लगेच दाखविणारी लहान विजेरी उपकरणेही आता विकत मिळतात.

डबी कोठे टांगावी, यालाही नियम आहे. ज्या खोलीत माणसे अधिक वेळ काढितात, विशेषतः जेथे रात्री झोपतात, अशी तळमजल्यावरील खोली निवडावी. डबी जमिनीपासून माणसाच्या छाती-डोक्याच्या उंचीवर असावी. खिडकी, दार, पंखा, चूल यांच्यापाशी ती टांगू नये. मोरीत तर मुळीच नको. एक-दोन दिवसांच्या मोजणीवर फारसे विसंबू नये. रात्री खिडक्या बंद असताना प्रमाण वाढते, दुपारी वारा सुटला की उतरते. ऋतूप्रमाणेही ते बदलते. म्हणून जितका दीर्घकाळ मोजावे, तितके उत्तर खरे.

हे माप 'बेकेरेल' या एककात सांगतात. सेकंदाला एक अणू फुटला, तर तो एक बेकेरेल. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच अशा जागेतील हवेत सेकंदाला शंभर अणू फुटत असतील, तर ते प्रमाण १०० बेकेरेल झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली सुचविले की, घरातील प्रमाण शक्यतो १०० च्या आत असावे. ते शक्यच नसेल, तर निदान ३०० च्या वर जाऊ नये. दीर्घकाळच्या सरासरीत दर १०० बेकेरेलमागे फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी वाढतो, असे या संघटनेचे सांगणे आहे. वॉट्रस यांच्या घरातील आकडा सुमारे एक लाख बेकेरेल होता, हे आठवले म्हणजे शंभराचा अर्थ कळेल. आणखी एक गोष्ट. धूम्रपान न करणाऱ्यापेक्षा करणाऱ्याला रेडॉनपासून होणारा धोका सुमारे पंचवीस पट असतो. म्हणून बिडी विझविणे हाही रेडॉनवरील एक मोठा उपाय आहे, आणि त्यास पैसाही लागत नाही!

प्रमाण अधिक निघाले, तर काय करावे? पहिला उपाय म्हणजे वारा. समोरासमोर खिडक्या किंवा झरोके ठेवावेत, म्हणजे एकीकडून आलेली हवा दुसरीकडून निघून जाते. नुसता हवा बाहेर फेकणारा पंखा लावून खिडक्या बंद ठेविल्या, तर मात्र उलट घडते. तो पंखा जमिनीतीलच हवा वर ओढतो. दुसरा उपाय म्हणजे वाटा बुजविणे. फरशीच्या भेगा, भिंतीकडेचे सांधे, नळाभोवतीची भोके सिमेंटने नीट भरून घ्यावीत. नवे घर बांधीत असाल, तर जोत्यात मुरुमावर खडीचा थर देऊन, त्यावर जाड प्लास्टिकचा कागद अंथरून मग फरशी करावी आणि खडीतून एक नळी थेट छपराच्या वर काढावी. जमिनीतील वायू घरात न येता त्या नळीने परभारे बाहेर जातो. प्रमाण फारच असेल, तर त्याच नळीला लहानसा पंखा बसवितात. ज्या घरांत आकडे भीतिदायक निघाले, तीही या उपायाने राहण्याजोगी झाली आहेत.

एवढे ऐकल्यावर मुलाने विचारले, "मग आजीचे कुडाचे घरच चांगले होते म्हणायचे का?"

मी म्हणालो, "अर्धे बरोबर." कुडाच्या घराची भिंत म्हणजे कारवीच्या काठ्या उभ्या करून त्यांवर दिलेला शेणामातीचा लेप. भिंत आणि कौले यांमध्ये फटी राहत. त्यांतून वारा अहोरात्र ये-जा करी आणि चुलीचा धूरही काही अंशी बाहेर पडे. म्हणून आजींना ते घर श्वास घेणारे वाटे. परंतु शेणाने सारवलेली जमीन वायूला फारशी अडवीत नाही. एखाद्या मातीच्या घरास खिडकीच नसेल आणि दार सदा बंद असेल, तर तेथे रेडॉनही साचेल आणि धूरही. उलट नव्या घराची भक्कम, अखंड फरशी वायूची वाट अडविते. पण तिच्यावरच्या खोलीतील हवा आपण काचा सरकवून कोंडून टाकितो. तेव्हा फरशी नव्या घराची असावी आणि वारा जुन्या घराचा असावा.

आपल्या भागातील पुष्कळ घरांत अद्याप लाकडाची चूल पेटते. तेथे रेडॉनहून धुराचे संकट कितीतरी मोठे आहे. मायबहिणींचे डोळे आणि छाती हा धूर दररोज सोशीत असतात. त्यांनाही तोच वारा हवा आहे. एक झरोका उघडला, तर दिसणारा धूर आणि न दिसणारा वायू दोन्ही बाहेर जातात.

संध्याकाळी निघण्यापूर्वी आम्ही तिघांनी घर फिरून पाहिले. मोरीच्या नळाभोवती बोटभर पोकळी राहिली होती. आतल्या खोलीला एकच खिडकी होती. मुलाचे वडील म्हणाले, "गुरुजी, आमच्या घरात किती वायू आहे, हे मोजल्यावाचून कळणार नाही ना?"

"नाही कळणार," मी म्हणालो. "आपल्या खडकावरून तो थोडा असावा, इतकेच म्हणता येईल. साधन मिळेल तेव्हा अवश्य मोजा. पण खिडकी उघडण्यासाठी साधनाची वाट पाहावी लागत नाही."

भाद्रपदात मी पुन्हा त्या वाटेने गेलो. नळाभोवतीची पोकळी बुजविलेली होती. आतल्या खोलीत खिडकीसमोरच्या भिंतीत, वर छताजवळ, पावसाचा शिडकावा आत येऊ नये अशा बेताने जाळीचा एक झरोका पाडला होता. पडवीत आजींची चटई दिसली नाही. मी आत डोकावलो, तो त्या त्याच झरोक्याखाली शांत झोपल्या होत्या.

अभ्यास

१. थोडक्यात उत्तरे लिहा :
(अ) रेडॉन वायू जमिनीत कसा तयार होतो?
(आ) वॉट्रस यांच्यापाशी घंटा का वाजत असे?
(इ) रेडॉन मोजण्याची डबी कोठे टांगावी व कोठे टांगू नये?

२. कारणे द्या :
(अ) मोकळ्या रानात रेडॉनची भीती नसते.
(आ) शहापूर-मुरबाडचा प्रदेश या बाबतीत सुदैवी आहे.
(इ) एक-दोन दिवसांच्या मोजणीवर विसंबू नये.

३. 'फरशी नव्या घराची असावी आणि वारा जुन्या घराचा असावा' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.

४. वाक्यात उपयोग करा : चेहरा उतरणे, हसण्यावारी नेणे, पाड न लागणे, ध्यानात आणून देणे.

५. उपक्रम : आपल्या घराचा आराखडा काढा. हवा कोठून आत येते व कोठून बाहेर जाते, हे बाणांनी दाखवा. ज्या खोलीत हवा खेळत नाही, तेथे काय करता येईल, याविषयी घरातील वडीलधाऱ्यांशी बोलून पाच ओळी लिहा.